वजीरबळी बघून झाले, हत्ती-प्यादं कोण शिकवणार? एकेक प्रसिद्ध डाव सांगा

टिळकवाडीचा_हत्ती (धागाकर्ता)

गोव्यात २०२५ च्या ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत बुद्धिबळाचा विश्वचषक चालला. चोर्ला घाट उतरला की पोचलोच, इतक्या जवळ. २०६ खेळाडू, बाद पद्धत. गुकेश तिसऱ्या फेरीत बाद झाला, अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीत वेई यीकडून हरला आणि शेवटी सिंदारोवने त्याच वेई यीला टायब्रेकमध्ये हरवून चषक नेला. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडे पोरांच्या मोबाइलवर बुद्धिबळच. पण काय बघतात? अर्ध्या मिनिटाचा वजीरबळी, खाली तोंड उघडं पडलेलं चित्र, आणि पुढचा व्हिडिओ. तीच पोरं रविवारच्या स्पर्धेत हत्ती आणि एक प्यादं जास्त असताना बरोबरी करून उठतात.

म्हणून हा धागा. प्रत्येकाने एक गाजलेला डाव सांगायचा, पण पटावर लावून हाताला काही लागेल असा. कुठली चाल, ती का, आणि लोक नेमके कुठे चुकतात. "आमच्या काळी" नको, स्वतःच्या पदकांच्या गोष्टी नकोत. चाली देवनागरीत लिहा: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या १ ते ८. ए आणि ई वाचताना गोंधळ होतो, जपून.

अडीच_घर

सुरुवात जुन्यापासूनच. पॅरिस, १८५८. ऑपेरा चालू असताना पॉल मॉर्फी एकीकडे, ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर मिळून दुसरीकडे. १७ चालींत मात.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ डी६ ३. डी४ उंट जी४ ४. प्यादं मारतं ई५, उंट मारतो एफ३ ५. वजीर मारतो एफ३, प्यादं मारतं ई५ ६. उंट सी४ घोडा एफ६ ७. वजीर बी३ वजीर ई७ ८. घोडा सी३ सी६ ९. उंट जी५ बी५ १०. घोडा मारतो बी५, प्यादं मारतं बी५ ११. उंट मारतो बी५ शह, बी-घोडा डी७ १२. मोठ्या बाजूला कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल), हत्ती डी८ १३. हत्ती मारतो डी७, हत्ती मारतो डी७ १४. हत्ती डी१ वजीर ई६ १५. उंट मारतो डी७ शह, घोडा मारतो डी७ १६. वजीर बी८ शह, घोडा मारतो बी८ १७. हत्ती डी८ मात.

सगळे १६व्या चालीला टाळ्या देतात. डाव बिघडला तो तिसऱ्या चालीला. उंट जी४ खेळल्यावर चौथ्या चालीला काळ्याला तो उंट घोड्यावर द्यावाच लागतो. नाही दिला, सरळ डी६ च्या प्याद्याने ई५ वर मारलं, तर पांढरा वजीर डी८ वर शह देऊन वजिरावजिरी करतो आणि घोडा ई५ चं प्यादं फुकट उचलतो. म्हणजे पहिलीच सोंगटी बाहेर काढली आणि दोन चालींत ती देऊन बसलो. बदल्यात पांढरा वजीर आयता एफ३ वर येऊन उभा राहिला.

मात होते तेव्हा पट बघा. पांढऱ्याकडे राजा आणि प्यादी सोडून एक हत्ती, एक उंट, बस्स. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळं आहे. पण एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती डावभर जागचे हललेले नाहीत. "सोंगट्या बाहेर काढा" असं शंभरदा सांगण्यापेक्षा हा शेवटचा पट पाच मिनिटं नुसता समोर ठेवा.

शहापूरची_मंत्री

बरोबर. पण एक चाल तुम्ही गाळलीत, आणि वर्गात मुलं तिथेच अडतात. ७. वजीर बी३ ने एफ७ आणि बी७ दोन्हीकडे डोळा. मग आठव्या चालीला मॉर्फीने बी७ का नाही मारलं? मारलं तर काळा वजीर बी४ वर येऊन शह देतो, वजिरावजिरी होते, पांढऱ्याला एक प्यादं मिळतं आणि हल्ला विझतो. पांढरा तसाही चांगला, पण मग चाळीस चालींचा डाव. त्याने प्यादं सोडून घोडा बाहेर काढला. मुलांना हा प्रश्न उत्तर न देता विचारा आणि दहा मिनिटं गप्प बसा.

जाता जाता: आमच्या भागात निम्मा वर्ग कानडी, निम्मा मराठी. तरी सोंगट्यांच्या नावांवरून कधी अडत नाही. हत्ती म्हणजे आने, घोडा म्हणजे कुदुरे, उंट म्हणजे ओंटे, वजीर म्हणजे मंत्री. जनावराला जनावर जुळतं. अडचण इंग्रजी पुस्तकातल्या बिशपची होते, तो कुणालाच उंट वाटत नाही.

पोकळ_प्यादं

मी नवीन आहे. कास्पारोव-टोपालोव, वाइक आन झी १९९९ कुणीच का नाही सांगत? २४. हत्ती मारतो डी४! त्याहून भारी डाव दाखवा.

अडीच_घर

भारी आहे की ओ, कोण नाही म्हणतंय. पण तो हत्ती टोपालोवने घेतला म्हणून पुढचं सगळं घडलं. २४...राजा बी६ खेळून नकार दिला असता तर आज त्या डावाचे व्हिडिओ निघाले नसते. बळी बघताना पहिला प्रश्न "घेतलाच नाही तर?" हा असावा. उत्तर स्वतः शोधा, इंजिन (चाली सुचवणारा संगणक) बंद ठेवून.

निपाणी_सी५

धाग्याचं नाव हत्ती-प्यादं आहे, म्हणून माझा डाव: कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोवर, न्यूयॉर्क १९२४. सुरुवात डच डिफेन्स, ती बाजूला ठेवा. ३५व्या चालीपासून लावा.

पांढऱ्याचा हत्ती एच७ वर, म्हणजे सातव्या पट्टीत. एक प्यादं जी५ वर. काळ्याचा राजा एफ८ वर कोंडलेला. पण काळ्याचा हत्ती सी३ च्या प्याद्यावर झेपावलाय. साधा माणूस इथे सी३ वाचवतो. कापाब्लांका खेळला ३५. राजा जी३. पुढे:

३५...हत्ती मारतो सी३ शह ३६. राजा एच४ हत्ती एफ३ ३७. जी६ हत्ती मारतो एफ४ शह ३८. राजा जी५ हत्ती ई४ ३९. राजा एफ६.

दोन प्यादी गेली, दोन्ही शहासकट. बदल्यात काय मिळालं ते मोजा: राजा एफ६, प्यादं जी६, हत्ती सातव्या पट्टीत. तिघं मिळून एफ८ च्या राजाभोवती. मातेची धमकी टाळायला ३९...राजा जी८ लागतंच, मग ४०. हत्ती जी७ शह, राजा एच८ ४१. हत्ती मारतो सी७. आता एकेक प्यादं परत गोळा होतं, आणि यावेळी काळ्याला काहीच करता येत नाही.

हत्तीच्या शेवटात प्याद्यांची संख्या दुसरी, राजा कुठे उभा आहे ते पहिलं. हे वाक्य सगळ्या पुस्तकांत असतं. या पाच चाली हातानं हलवल्या की ते पटतं.

पोकळ_प्यादं

३९व्या चालीला राजाने एफ५ चं प्यादं का नाही मारलं? समोरच होतं. फुकट होतं.

निपाणी_सी५

शाब्बास, हाच प्रश्न हवा होता. फुकट होतं, पण ते काळ्याचं प्यादं पांढऱ्याच्या राजाची छत्री होतं. एफ५ वर काळं प्यादं उभं असेपर्यंत काळा हत्ती एफ पट्टीतून मागून शह देऊ शकत नाही, मध्ये त्याचंच प्यादं आडवं. ते खाल्लं असतं तर पट्टी मोकळी झाली असती आणि राजाला शहांच्या पावसात पळावं लागलं असतं. नंतर, हत्तीने सी७ घेऊन काळ्याचा हत्ती ई८ वर बचावाला गेल्यावर, तेव्हा त्याने ४२व्या चालीला ते प्यादं खाल्लं. तीन चाली थांबला.

स्पर्धेत मुलं नेमकी इथे चुकतात. खाता येतं म्हणून खातात. समोरच्याचं प्यादं आपल्या राजासाठी आडोसा आहे का, हे बघायची सवय लागली की हत्तीच्या शेवटातले निम्मे अर्धे गुण वाचतात.

खानापूर_जंगल

डाव ठीक. पण दोन पट पाठ असल्याशिवाय हत्तीचे शेवट बघणं म्हणजे सुम्म वेळ घालवणं. ते दोन पट इथेच लिहून ठेवतो, नंतर कुणी विचारायला नको.

पहिला, जिंकायचा. लुसेना. पांढरा: राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा: राजा ई७, हत्ती एच२. पांढऱ्याची चाल. राजा प्याद्यापुढे अडकलाय, बाहेर काढायचाय.

१. हत्ती एफ४, हत्ती एच१ २. हत्ती ई४ शह, राजा डी७ ३. राजा एफ७, हत्ती एफ१ शह ४. राजा जी६, हत्ती जी१ शह ५. राजा एफ६, हत्ती एफ१ शह ६. राजा जी५, हत्ती जी१ शह ७. हत्ती जी४. शह अडला, प्यादं वजीर होणार.

हत्ती चौथ्या पट्टीत नेऊन ठेवणं हाच सगळा खेळ. तो पूल आहे, शेवटी राजाला त्याच्याखाली यायचंय.

दुसरा, वाचवायचा. फिलिडोर. पांढरा: राजा डी५, प्यादं ई५, हत्ती ए७. काळा: राजा ई८, हत्ती बी६. काळ्याने हत्ती सहाव्या पट्टीतच आडवा फिरवत ठेवायचा, म्हणजे पांढरा राजा पुढे येऊ शकत नाही. शेवटी वैतागून पांढरा प्यादं ई६ वर ढकलतो. त्याच क्षणी काळा हत्ती तडक बी१ वर, खाली, आणि तिथून मागून शह. आता प्यादंच ई६ वर गेल्यामुळे पांढऱ्या राजाला तिथे लपता येत नाही. बरोबरी.

चूक दोन प्रकारची. एक, प्यादं ई६ वर यायच्या आधीच हत्ती खाली नेणं. दोन, घाबरून हत्ती आठव्या पट्टीत राजाशेजारी आणून बसवणं. दुसरी चूक जास्त दिसते, कारण राखण केल्यासारखी वाटते.

टिळकवाडीचा_हत्ती

जंगल, छान. प्यादं कडेचं, म्हणजे ए किंवा एच पट्टीचं असेल तर लुसेनाची ही पद्धत तशीच्या तशी लावू नका, तिथे हिशोब वेगळा.

आणि हे पट इंजिनसमोर सराव करताना इंजिनला बचावाची बाजू द्या, पण आकडा दाखवणारी पट्टी झाका. आकडा दिसला की डोकं थांबतं. डाव बघतानाही तसंच: छापील चाली असतील तर पोस्टकार्डाने खालच्या ओळी झाका, आपली चाल कागदावर लिहा, मग एक ओळ उघडा. एका डावाला तास-दीड तास लागतो. आठवड्याला एकच डाव करा.

शहापूरची_मंत्री

हत्तीवरून आठवलं, नवीन डावांत यापेक्षा मोठा धडा नाही: सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४, डिंग लिरेन विरुद्ध गुकेश, जगज्जेतेपदाच्या सामन्याचा १४वा डाव. त्याआधी ६.५-६.५. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, उंट एकाच रंगाच्या घरांचे. गुकेश काळ्याकडून, एक प्यादं जास्त. सगळे बरोबरी धरून चाललेले, टायब्रेकची तयारी. मग ५५. हत्ती एफ२.

लोक म्हणतात "डिंगने हत्ती चुकीच्या घरात ठेवला." एवढ्यावर थांबू नका. हत्तीअदलाबदल झाल्याने एकटं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते डिंगचा उंट ए८ वर, पार कोपऱ्यात होता म्हणून. ५५...हत्ती मारतो एफ२ ५६. राजा मारतो एफ२, उंट डी५! काळा उंट राजाच्या जोरावर त्याच तिरक्या पट्टीत येऊन बसला. पांढऱ्याच्या उंटाला बी७ आणि सी६ एवढीच घरं, दोन्ही त्याच पट्टीत. पळायला जागा नाही, मारामारी सक्तीची. ५७. उंट मारतो डी५, राजा मारतो डी५ ५८. राजा ई३ राजा ई५, आणि डिंगने डाव सोडला. राजा आणि प्याद्यांचा शेवट, दोन विरुद्ध एक, हरलेला.

म्हणजे चूक एका चालीची, कारण मात्र आधीपासून कोपऱ्यात बसलेलं. हत्ती बदलायच्या आधी "यानंतर उंटही बदलावा लागला तर?" एवढं विचारलं असतं तर पुरलं असतं. १८व्या वर्षी जगज्जेता झाला. आधीचा विक्रम कास्पारोवचा, १९८५ मध्ये, २२व्या वर्षी.

पोकळ_प्यादं

मंत्रीताई, राजा-प्याद्याचा शेवट जिंकलेला की बरोबरीचा, हे चटकन कसं ओळखायचं?

शहापूरची_मंत्री

एकच प्यादं उरलं असेल तर एवढं लक्षात ठेव. आपला राजा प्याद्यापुढे सहाव्या पट्टीत असेल, उदाहरणार्थ राजा ई६, प्यादं ई५, समोरचा राजा ई८, तर चाल कुणाचीही असो, जिंकलं. पण राजा ई५, प्यादं ई४, समोर राजा ई७ असेल तर ज्याची चाल त्याचं नुकसान: पांढऱ्याची चाल असेल तर बरोबरी, काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. याला ऑपोझिशन म्हणतात. कडेचं प्यादं असेल आणि समोरचा राजा कोपऱ्यात पोचला तर बरोबरीच, तिथे डोकं लावू नको.

सायबर_उंट

डाव कितीही पाठ करा, नियम माहीत नसतील तर अर्धा गुण पंच घेऊन जातो. वारंवार दिसणाऱ्या गोष्टी सांगतो.

कॅसलिंग: आधी राजाला हात लावा, एकाच हातानं. आधी हत्तीला लावला तर हत्तीच हलवावा लागतो. हत्तीवर मारा असला तरी कॅसलिंग चालतं, राजाला शह असेल किंवा राजा माऱ्यातल्या घरावरून जात असेल तर नाही. मोठ्या बाजूला बी१ वर मारा असला तरी चालतं, कारण तिथून हत्ती जातो, राजा नाही. लाजू नका: १९७४ मध्ये कार्पोवविरुद्ध २१व्या डावात कोर्चनॉयने पंचांना विचारून खात्री केली की हत्तीवर मारा असताना कॅसलिंग करता येतं का. डाव १९ चालींत जिंकला.

प्यादं वजीर होताना पेटीतून जादा वजीर मिळाला नाही म्हणून उलटा हत्ती ठेवला तर तो हत्तीच धरला जातो. घड्याळ थांबवा, पंचांना वजीर मागा.

नियमबाह्य चाल: पहिल्यांदा समोरच्याला दोन मिनिटं जादा, दुसऱ्यांदा डाव गेला.

तिहेरी पुनरावृत्तीची बरोबरी मागायची पद्धत निम्म्यांना माहीत नसते. जी चाल खेळल्यावर पट तिसऱ्यांदा येणार ती आधी कागदावर लिहा, पटावर खेळू नका, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. खेळून टाकलीत तर ती संधी गेली. मागणी खोटी ठरली तर समोरच्याला दोन मिनिटं आणि लिहिलेली चाल तुम्हाला खेळावीच लागते. पट तीनदा यायला पाहिजे, लागोपाठच यायला हवा असं नाही. फिशर-पेट्रोसियन, ब्युनॉस आयर्स १९७१, तिसरा डाव याच नियमाने बरोबरीत गेला, पेट्रोसियन वरचढ असताना. सामना पुढे फिशरने ६.५-२.५ ने घेतला.

आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद जादा मिळत असतील तर शेवटपर्यंत चाली लिहायच्या. पाच मिनिटांखाली आलो म्हणून लिहिणं थांबवता येत नाही.

निपाणी_सी५

उंटअण्णा, मोबाइलचं राहिलं. खेळताना वाजला तर डाव गेला, खिशात असला तरी अडचण. बाहेर पालकांकडे द्या.

गोकाक_करदंट

आमच्याकडे वडीलधारी मंडळी अजून देशी पद्धतीने खेळतात. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, कॅसलिंग नाही, राजाला एकदाच घोड्याची चाल. मुलं दोन्हीकडे शिकली की घोळ होतो का?

अडीच_घर

घोळ होतो, पण फायदाही. मीर सुलतान खान देशी पद्धतीतच वाढले. पंजाबातून १९२९ ला इंग्लंडला गेले, त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद, मग १९३२ आणि १९३३ ला पुन्हा. हेस्टिंग्जला १९३०-३१ मध्ये कापाब्लांकाला हरवलं. २०२४ मध्ये फिडेने (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने) त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं.

देशी खेळात प्यादं एकेक घर सरकतं, म्हणून सुरुवात संथ आणि डाव लांबतो. सुलतान खानांचं बळ लांबच्या डावात आणि शेवटात होतं, ओपनिंगमध्ये मार खायचे. आजोबांबरोबर देशी खेळणाऱ्या मुलांतही हेच दिसतं: शेवटात शांत, पण पहिल्या दहा चालींत एक प्यादं मागे. देशीतल्या दोन सवयी मात्र मोडाव्या लागतात. एक, प्यादं ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीची सोंगटी घ्यायची ही समजूत. आंतरराष्ट्रीय नियमात हवी ती घ्या, पटावर वजीर असताना दुसरा वजीरही. दुसरी, राजा घोड्यासारखा उडवणं. स्पर्धेत ती नियमबाह्य चाल.

खानापूर_जंगल

आपल्या भागाबद्दल बोलताना सांगलीला विसरू नका. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ नसतं तर कृष्णाकाठच्या या पट्ट्यात बुद्धिबळ इतकं रुजलं नसतं. भाग्यश्री साठे-ठिपसे तिथल्याच, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या. खाली गोव्यात अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा, भक्ती कुलकर्णी. कर्नाटकाचा पहिला ग्रँडमास्टर तेजकुमार, म्हैसूरचा. आपण बरोबर मधे.

पोकळ_प्यादं

मधे आहोत हाच प्रश्न. कोल्हापूर-सांगलीच्या स्पर्धेत खेळलं तर कर्नाटकाकडून निवड जाते का? आणि रेटिंग कसं मोजतात?

सायबर_उंट

खुल्या रेटिंग स्पर्धा कुठेही खेळा, महासंघाची नोंदणी चालू असली की झालं. राज्य निवड स्पर्धा मात्र ज्या राज्यातून नोंदणी आहे तिथलीच. म्हणजे कोल्हापूरला रेटिंग कमवा, निवडीला बंगळूर किंवा जिथे असेल तिथे. यात वाद घालण्यासारखं काही नाही, उगाच राजकारण आणू नका.

रेटिंग: पहिलं मिळवायला रेटिंग असलेल्यांशी किमान पाच डाव. हिशोबात १८०० रेटिंगच्या दोन काल्पनिक खेळाडूंशी दोन बरोबऱ्या धरतात. पहिल्या स्पर्धेत शून्य पडलं तर ती स्पर्धा धरत नाहीत. मार्च २०२४ पासून किमान रेटिंग १४००. त्याच वेळी २००० खालच्या सगळ्यांचं रेटिंग वाढवलं: २००० मधून तुमचं वजा करा, त्याला ०.४ ने गुणा, तेवढी भर. १२०० वाला १५२० झाला. म्हणून जुन्या कागदावरचे आकडे आजच्याशी लावू नका.

पुढचा बदल के या गुणकावर. नवीन खेळाडूला पहिल्या ३० डावांपर्यंत, आणि १८ खालच्यांना २३०० पर्यंत, के ४०. उदाहरण: १५०० चा मुलगा १६०० वाल्याला हरवतो. १०० च्या फरकात त्याची अपेक्षा ०.३६. जिंकला तर ०.६४ गुणिले ४०, म्हणजे २५.६ वर. हरला तर १४.४ खाली. के २० असेल तर अर्धं. मुलाचं एका स्पर्धेत ८० गेलं म्हणून पालक रडतात, पण के ४० ला ते दोन स्पर्धांत परत येतं.

टिळकवाडीचा_हत्ती

रेटिंगचा वेगळा धागा काढा, हा भरकटतोय. आनंदचा डाव अजून कुणी लिहिला नाही म्हणजे कमाल आहे.

निपाणी_सी५

लिहितो. बॉन २००८, क्रॅमनिकविरुद्ध जगज्जेतेपदाचा सामना, पाचवा डाव, आनंद काळ्याकडून. सुरुवात मेरान:

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३ ई६ ५. ई३ बी-घोडा डी७ ६. उंट डी३, प्यादं मारतं सी४ ७. उंट मारतो सी४ बी५ ८. उंट डी३ ए६ ९. ई४ सी५ १०. ई५, प्यादं मारतं डी४ ११. घोडा मारतो बी५, प्यादं मारतं बी५ १२. प्यादं मारतं एफ६, प्यादं मारतं एफ६ १३. कॅसलिंग, वजीर बी६ १४. वजीर ई२ उंट बी७.

इथे थांबून पट बघा. काळ्याचा राजा मधोमध, कॅसलिंगची आशा कमी. बदल्यात जी पट्टी उघडी आणि बी७ चा उंट थेट जी२ कडे रोखलेला. हीच मांडणी तिसऱ्या डावात होती. तिथे १५. उंट मारतो बी५ नंतर आनंद उंट डी६ खेळला, पाचव्यात हत्ती जी८. क्रॅमनिक त्याच रस्त्याने परत आला आणि दोन्ही डाव काळ्याने जिंकले. शेवटी सामना आनंदने ६.५-४.५ ने घेतला.

शेवट लावून बघण्यासारखा. २९. घोडा मारतो डी४? पांढऱ्याला वाटलं प्यादं सुटलं. २९...वजीर मारतो डी४ ३०. हत्ती डी१ घोडा एफ६! ३१. हत्ती मारतो डी४, घोडा मारतो जी४ ३२. हत्ती डी७ शह, राजा एफ६ ३३. हत्ती मारतो बी७, हत्ती सी१ शह ३४. उंट एफ१ घोडा ई३! क्रॅमनिकने डाव सोडला. एफ१ चा उंट खिळलेला. घोडा मारला तर एफ४ चं प्यादं ई३ वर मारून येतं आणि पुढे ई२ ला कुणी अडवू शकत नाही. क्रॅमनिकने २९व्या चालीला हिशोब केला होता, पण पाच चाली पुढचा हा घोडा सुटला.

पोकळ_प्यादं

आनंदचाच आरोनियनविरुद्धचा, वाइक आन झी २०१३? २३ चालींत काळ्याने जिंकलेला.

निपाणी_सी५

तोही मेरानच, म्हणून आधी बॉन लाव. मेरानमधला काळा बी७ चा उंट काय करतो ते कळलं की २०१३ चा डाव सोपा जाईल. त्यानंतर रुबिन्स्टाइनचा १९०७ चा लॉझमधला डाव बघ, त्याच धाटणीचा.

शहापूरची_मंत्री

मुलींसाठी एक: बातुमी, जुलै २०२५, महिला विश्वचषक. दिव्या देशमुखने अंतिम सामन्यात कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये १.५-०.५ (एकूण २.५-१.५) हरवलं आणि एकही ग्रँडमास्टर नॉर्म (किताबासाठी लागणारी ठरावीक कामगिरी) नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. निर्णायक जलद डाव काळ्याकडून. शेवटाच्या भागात वेळ कमी पडल्यावर दोघींकडून चुका झाल्या, म्हणून इंजिनशिवाय बघायला तो फार चांगला. कुठे कोण चुकलं ते स्वतः शोधायचं.

पोकळ_प्यादं

जंगलकाका, तुमचा लुसेना लावला. मी आधी हत्ती ई१ वर नेऊन शह दिला, राजा डी७, मग माझा राजा एफ७. आता काळा एफ२, जी२ करत शह देतच राहतो. प्यादं जाईल का?

खानापूर_जंगल

जाणार नाही, घाबरू नको. पूल बांधायच्या आधी राजा बाहेर काढलास, म्हणून लपायला जागा नाही. राजा जी६, काळा जी२ शह, इथून राजा एच७ वर ने. एच२ शह, राजा परत जी८. आता हत्ती ई१ वरून ई४ वर चढव आणि मग पुन्हा एफ७ ने सुरुवात कर. दोन-चार चाली वाया गेल्या, बाकी काही नाही. फक्त राजा जी५ च्याही खाली उतरवून जी७ ची राखण सोडू नकोस, तिथे मात्र प्यादं खरंच जातं.